आठ चाकांची पाटी

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताईंनी एक वही करायला सांगितली आहे. डाव्या बाजूला खेळण्याचं नाव, उजव्या बाजूला ठकूने त्याचं काय केलं ते. ती वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे आणि तीत नवराही लिहितो. ही वही वेगळी. ही दुकानातच राहणार, चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांमागे, नाहीतर माझ्या पर्समध्ये. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, मालक खुर्चीतच डुलक्या काढतात, तेवढ्यात लिहायची. त्या वहीत जे लिहिता येत नाही ते हिच्यात.

माझी ठकू चार वर्षांची झाली. बोलत नाही. सहा महिन्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं आणि कागदावर लिहिलं ‘स्वमग्न’. शब्द किती छान आहे, एखाद्या साधूला शोभेल असा. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी केंद्रात जातो. तिथल्या ताई तिला खेळातून शिकवतात. त्या म्हणतात, “खेळणं म्हणजे औषध नव्हे, ते निमित्त आहे. तिला कशात रस आहे ते आधी बघा.” बघतेच आहे. तिला कशातच रस नाही.

आकारांचा डबा आणला. गोल भोकातून गोल ठोकळा टाकायचा, चौकोनी भोकातून चौकोनी. तिने झाकण काढलं, सगळे ठोकळे एकदम आत ओतले, झाकण लावलं. नवरा म्हणाला, “बरोबर आहे की. दार उघडं असताना खिडकीतून कोण जाईल?” मला हसू आलं नाही. मग बोलणारा हत्ती आणला. पोटावर दाबलं की अक्षरं म्हणतो. म्हणतो कसला, केकाटतो. ठकू दोन्ही कान दाबून टेबलाखाली गेली ती पाऊण तास बाहेर आली नाही. नवरा वायरमन आहे, त्याने हत्ती उघडून त्याची वायर काढून टाकली. आता घरात दोघं न बोलणारे.

काल मण्यांची दोरी घेऊन बसले. मोठे लाकडी मणी, जाड दोरी, बोटांची पकड येते म्हणतात. मण्यांना हातसुद्धा लावला नाही. माझ्या पर्समधलं चष्मे पुसायचं पिवळं फडकं काढलं, माझ्या तोंडावर टाकलं, काढलं, माझ्याकडे बघून हसली, परत टाकलं. मी फडकं बाजूला ठेवलं की माझा हात धरून फडक्यावर नेऊन ठेवायची. वीस वेळा तरी झालं असेल. अर्धा तास असाच वाया गेला. त्या वहीत लिहिलं: मणी, लक्ष नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज जे झालं ते कुठेतरी लिहिल्याशिवाय मला गप्प बसवणार नाही.

केंद्रात बाहेरच्या खोलीत पाच खुर्च्या, मधे सतरंजी आणि कोपऱ्यात ‘खेळणीघर’. नाव मोठं, आहे एक लाकडी कपाट. त्यातलं खेळणं पंधरा दिवस घरी नेता येतं. नाव रजिस्टरमध्ये आपल्या हाताने लिहायचं. किल्ली झाडलोट करणाऱ्या मावशींकडे.

तिथे एक लांब वेणीवाली येते. पोस्टात काउंटरवर असते. तिच्या मुलाला बापू म्हणतात. ठकूपेक्षा दोन महिन्यांनी लहान. तेच डॉक्टर, तसाच कागद, तोच शब्द. बापू बोलत नव्हता तोवर मला ती बाई फार आवडायची.

त्या कपाटात एक लाकडी पाटी आहे. तिच्यावर आठ खुंट्या, खुंट्यांवर आठ दातेरी चाकं. एक फिरवलं की सगळी फिरतात. बापू आला की त्याला तीच लागते, बाकी कशाकडे बघत नाही. आज त्याने कडेचं चाक फिरवलं, शेवटच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाला, “फिरतंय.”

स्वच्छ. शाळेत बाई वाचून दाखवतात तसं.

खोलीत सगळे थिजले. वेणीवालीने तोंडावर हात ठेवला. ताई आतून धावत आल्या. तेवढ्यात बापूने मान वर करून भिंतीवरचा फलक वाचला, “शांतता राखा.” सगळे हसले. मीसुद्धा हसले, तोंडदेखलं. वेणीवाली माझा दंड धरून म्हणत होती, “ऐकलंत ना तुम्ही? ऐकलंत ना?” हो, ऐकलं. त्याच वेळी ठकू माझ्या स्वेटरचं बटण चोखत होती.

पोटात दुखणं म्हणतात ते खरंच पोटात असतं. बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज दुकानाला सुट्टी. चाकांची पाटी शोधायला ठकूला घेऊन खेळण्यांच्या तीन दुकानांत गेले. पहिल्या दोघांना सांगूनही कळलं नाही. तिसऱ्याने विचारलं, “मुलगी केवढी आहे?” मी म्हटलं, चार वर्षांची. त्याने खोकी काढायला सुरुवात केली, प्रत्येकावर चाराचा आकडा. एकावर चित्र होतं, मुलगी डॉक्टर झालीय आणि अस्वलाला विचारतेय कुठे दुखतं. मी म्हटलं, “ती बोलत नाही.” तो म्हणाला, “मग दोन वर्षांचं दाखवू?” म्हणजे तो वाईट नव्हता. मदतच करत होता. मी काही न घेता बाहेर आले आणि पुढच्या चौकापर्यंत ठकूचा हात जरा जास्तच घट्ट धरला. तिने ओढून घेतला.

त्या चाकांच्या पाटीसारखी पाटी कुठेच नाही. करणाऱ्याने करणं बंद केलंय म्हणे. आहे ती एकच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आम्ही आज वीस मिनिटं आधी पोहोचलो. रजिस्टरमध्ये मी नाव लिहिलं, मावशींनी पाटी पिशवीत घालून दिली. “ही बाहेरच खेळतात पोरं, घरी कोणी नेत नाही,” असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नियम आहे ना न्यायचा? तर म्हणाल्या, “नियम आहे हो.” पिशवी मी लगेच गाडीच्या डिकीत ठेवून आले. बापू यायच्या आधी.

नियमानेच नेलीय.

रविवार, ९ फेब्रुवारी

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाटी घेऊन बसतेय. मी चाक फिरवते आणि म्हणते, फिरतंय. ठकू, बघ, फिरतंय. फिरतंय, फिरतंय. नवरा आतून म्हणाला, “अगं, माझं डोकं फिरतंय.”

ठकूने एक चाक उचललं, चाटलं, ठेवून दिलं. मग फडकं आणलं आणि माझ्या डोक्यावर टाकलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “ती तुझ्याशी खेळतेय की.” मी म्हटलं, “ही पाटी कशाला आणलीय मग?”

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बापू कपाटाशी गेला. मावशींनी दार उघडून दाखवलं, बघ बाबा, नाही. त्याने प्रत्येक फळी हाताने चाचपली. मग खाली बसला आणि कपाटाच्या दारावर डोकं आपटायला लागला. एकसारखं, ठोके मोजून दिल्यासारखं. त्याची आई मधे हात घालत होती तर तिची बोटं सापडत होती.

त्याला कसाबसा आत नेल्यावर तिने खोलीत सगळ्यांना विचारलं. कुणाकडे आहे का हो चाकांची पाटी? मग माझ्याजवळ येऊन वेगळं विचारलं, “तुमच्याकडे नाही ना?”

मी म्हटलं, “नाही, आमच्याकडे नाही.”

आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. नंतर वाटलं, आता सांगितलं तर आधी खोटं का बोलले तेही सांगावं लागेल. ती “बरं” म्हणाली आणि रजिस्टर चाळत बसली. मी ठकूला घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बापू बोलायचा थांबलाय. ‘फिरतंय’ नाही, फलक नाही, काहीच नाही. त्याची आई ताईंना सांगत होती, मी शेजारीच होते. ताई म्हणाल्या, होतं असं, येतं-जातं, घाबरू नका.

मला बरं वाटलं. लिहूनच टाकते, ही वही त्यासाठीच आहे. मला बरं वाटलं. घरी येताना मी गाडीत गाणं गुणगुणत होते आणि मागच्या सीटवर ठकू तोंडावर फडकं घेऊन झुलत होती. दुपारी जेवण छान गेलं. संध्याकाळी अचानक डोकं दुखायला लागलं ते अजून आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज पंधरा दिवस पुरे झाले. मावशी रजेवर होत्या, किल्ली टेबलावर होती, रजिस्टर उघडं. मुदत वाढवायची तर पुन्हा सही करायची, मात्र दुसऱ्या कुणाची मागणी नसेल तरच. माझ्या नावाच्या अगदी खालच्या ओळीत मागणी होती. पोस्टातलं ते टपोरं, एकसारखं अक्षर: ‘चाकांची पाटी लवकरात लवकर हवी आहे. बापूची आई.’ नशीब, तिने वरची ओळ वाचलेली दिसत नाही. नाहीतर बोललीच असती.

मी सही केली.

ठकूसाठी म्हणून केली असं लिहिणार होते. पण पाटी आठ दिवसांपासून कपाटाच्या वर ठेवलेली आहे, ठकूचा हात पोचत नाही तिथे. नवऱ्याने विचारलं तेव्हा सांगितलं की रोज दिसली तर तिला कंटाळा येईल. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. वायर कुठे तुटलीय ते हाताला लागेपर्यंत तो असाच बघतो.

गुरुवार नव्हे, शुक्रवार, २८ फेब्रुवारी

तारीखही नीट लिहिता येत नाहीये.

आज केंद्राला सुट्टी होती. सकाळी दुकानात बापूची आई आली. मी इथे काम करते हे तिला माहीत नव्हतं, म्हणजे तसं ती म्हणाली. चष्म्याची डावी दांडी वाकडी झालेली आणि नाकावरची एक गादी गायब. मालक म्हणाले, तू बघ. मी तिला स्टुलावर बसवलं. दांडी गरम करून सरळ केली, नवीन गादी बसवली, चष्मा तिला घालून समोर वाकले. या कामात माणसाचं तोंड एका वितीवर येतं. गिऱ्हाईक बहुतेक वेळा वर छताकडे बघतं. ती माझ्याकडे बघत होती. डाव्या डोळ्याखाली नखांचे तीन ओरखडे, एकावर खपली.

“बापू?” मी विचारलं.

“मुद्दाम नाही करत तो,” ती म्हणाली. “मी मधे येते ना, म्हणून लागतं.”

“कानामागे टोचतंय का?”

“नाही. ठीक आहे.” मग थोड्या वेळाने, “आता तो सतरंजीवर पाटीच्या जागेवर बसतो आणि हवेत हात फिरवतो. बघितलंत का तुम्ही?”

मी म्हटलं, नाही बघितलं. बघितलं होतं.

“रात्रीचा झोपतो तेवढाच,” ती म्हणाली. “नाहीतर बोट गोल गोल. दुसरं काही आणून दिलं की फेकतो. मी पुठ्ठ्याची करून बघितली. त्याला कळतं हो, पुठ्ठा तो पुठ्ठा.”

माझी बोटं तिच्या कानामागे होती. तिने उठताना मालकांना विचारलं, किती झाले. मी मालकांच्या आधीच म्हटलं, काही नाही, गादी जुनीच होती पडलेली. ती म्हणाली, “असं कसं.” पण थांबली नाही.

ती गेल्यावर मी मालकांना पोट दुखतंय सांगून घरी आले. दुखतच होतं. स्टूल घेतलं, कपाटावरची पाटी ओढली. ती हातात आली पण तिच्यावर ठेवलेली चादर निसटली, मी चादर सावरायला गेले आणि पाटी सुटली. कडेचं चाक, तो फिरवतो तेच, त्याचे दोन दाते तुटले.

सोमवार, ३ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं. रजिस्टर, खोटं, सही, सगळं. मला वाटलं चिडेल. तो तुटलेले दाते तळहातावर घेऊन बघत बसला. मग म्हणाला, “ठकूला नको होती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुला नको होती हे नव्हतं कळलं.”

मी म्हटलं, म्हणजे काय.

“म्हणजे तुला पाटी नको होती. त्यांच्याकडे नसावी एवढंच हवं होतं.”

एवढं स्पष्ट बोलायची त्याला सवय नाही. लाजून कामाला लागला. दोन दाते लाकडी पट्टीतून कोरले, चिकटवले, रात्रभर दाबून ठेवले, सकाळी पॉलिश पेपरने घासले. आता फिरतं. एका जागी कट् असा आवाज येतो. “त्याला नाही कळणार,” असं तो म्हणाला, पण स्वतःच तीनदा फिरवून ऐकलं.

मंगळवार, ४ मार्च

बापूची आई आणि बापू आमच्या आधी आले होते. मी पिशवीतून पाटी काढून सतरंजीवर ठेवली, सगळ्यांच्या देखत. दुसरं कसं ठेवणार.

बापू आला. धावत नाही, चालत. बसला. कडेच्या चाकावर बोट ठेवलं, फिरवलं. कट्. थांबला. कान खाली नेला, परत फिरवलं. कट्. त्याने बोट उचललं.

“बिघडलं,” तो म्हणाला.

तीन आठवड्यांनंतरचा पहिला शब्द. त्याच्या आईने डोळे मिटले. मला माहीत नाही तिला हसू येत होतं की काय. बापूने पाटी हळूच उलटी केली, चाकं खाली, आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मी तिच्याजवळ गेले. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. “पाटी माझ्याकडे होती,” मी म्हटलं. “पडली माझ्या हातून. ठकू खेळतही नव्हती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. रजिस्टर समोरच होतं की.”

“मग मागणी लिहिलीत, तेव्हा...”

“तुझ्याच नावाखाली लिहिली. म्हटलं, वाचेल.” पहिल्यांदाच ती मला ‘तू’ म्हणाली आणि ते मैत्रीतलं नव्हतं. “सही केलीस वर. मग दुकानातही आले. म्हटलं, तोंडासमोर तरी बोलेल. का केलंस?”

मावशी पोछा मारायचं थांबवून बघत होत्या. मी म्हटलं, “तो बोलला म्हणून.”

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, “तीन आठवडे मी त्याचं डोकं धरून बसलेय. तीन आठवडे.” आणि उठून बापूजवळ गेली.

ठकूला आज आत जायचंच नव्हतं. मी तिथेच सतरंजीवर बसले तर माझ्या मांडीत येऊन बसली आणि माझ्या गालाला हात लावून तो चाटला. खारट लागला असावा.

शुक्रवार, ७ मार्च

बापूची आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसते. ताईंनाही मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, खरं तर त्यांनी रागवायला हवं होतं. म्हणाल्या, “तुम्ही बापूकडे इतकं बघत होतात. ठकू घरी काय करते ते मला अजून कळलेलं नाही. नुसतं ‘लक्ष नाही’ लिहिता.” मी म्हटलं, काहीच करत नाही तर काय लिहू?

“काहीच?”

“फडकं घेऊन बसते.”

“ते लिहा. कसं बसते, काय करते, तुमच्याकडे बघते का, सगळं लिहा.” आता फडक्यावर काय लिहायचं असतं? पण लिहिते म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च

बापू पुन्हा चाकं फिरवतो. तो कट् आला की थांबतो, “बिघडलं” म्हणतो, पुढे फिरवतो. दर फेरीला एकदा, न चुकता. त्याच्या आईला हसू आवरत नाही, माझ्याकडे मात्र बघत नाही. एकदा चुकून नजरानजर झाली, तर तिचं हसू तिथल्या तिथे विझलं. सगळ्यांदेखत ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ मार्च

निघताना बापूची आई दारात आडवी आली. “गुरुवारी तुमच्या दुकानाला सुट्टी असते ना?”

मी म्हटलं, हो.

“मला अकलदाढ काढायला जायचंय. नवरा दौऱ्यावर आहे. बापूला तासभर ठेवशील?”

मी म्हटलं, “माझ्याकडे?”

“दुसऱ्यांकडे ठेवला आणि तो ओरडला तर ते घाबरतात. तू घाबरणार नाहीस. आणि तुला नाही म्हणता येणार नाही, म्हणून तुला विचारतेय.”

नाही म्हणता आलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

कालचं लिहिते.

बापूची आई अकराला आली. ठकू तेव्हा रंगात आली होती. फडकं माझ्या तोंडावर, मी आतून गप्प, मग ती खेचणार, माझे डोळे शोधणार आणि खिदळणार. मी फडक्याआडूनच म्हटलं, या, आत या. फडकं निघालं तेव्हा ती उंबऱ्यावरच उभी होती, बापूचा हात धरून.

“हे रोज करते?” तिने विचारलं.

“दिवसभर. एकही खेळणं धड हातात घेत नाही, हेच आपलं.”

ती उभीच. ठकूने अजून दोनदा केलं. मी म्हटलं, तुमची डॉक्टरांची वेळ होईल. तिने मान हलवली, तरी हलली नाही, ठकूच्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्यावर मुलगा सोपवायला अजून मन होत नसणार. मी दोष देत नाही. शेवटी तिने बापूचा हात सोडला आणि पटकन वळून जिना उतरली.

बापूने आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. “मीठ.” “घट्ट बंद करा.” “मुलांपासून दूर ठेवा.” त्याच्या ज्या बोलण्यापायी माझी झोप उडाली होती ते हेच. मी विचारलं, पाणी देऊ? भूक लागली? तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. बरण्यांशी बोलत होता.

मग वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं. बापू किंचाळला आणि फ्रिजवर डोकं आपटायला लागला. मी तळहात मधे घातला. हाताला लागलं तेव्हा तिच्या बोटांचं काय होत असेल ते कळलं. ठकू केव्हाच टेबलाखाली गेली होती. मी बापूला तसाच उचलून तिथे नेलं, वरून चादर चारी बाजूंनी सोडली आणि स्वतःही आत घुसले. तिघं गुडघे पोटाशी घेऊन बसलो. ड्रिल थांबलं तरी कुणी बाहेर निघेना. ठकूने फडकं बापूच्या डोक्यावर टाकलं. त्याने ते झटकलं. तिने उचलून माझ्यावर टाकलं. त्यांची मैत्री वगैरे काही झाली नाही. बापू मग तिथून बाहेर येऊन फिनाईलची रिकामी बाटली वाचत बसला. एवढंच.

साडेबाराला घंटी वाजली. मी दार उघडलं. अर्ध्या तोंडाला भूल, गालाखाली कापूस, ओठ एका बाजूला लोंबलेला. बापूने बाटलीवरून मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आई.”

पुन्हा तेच, बरगडीखाली डाव्या बाजूला. तोंडाने मात्र या वेळी साथ दिली नाही. मी म्हणून गेले, “मला तुझा हेवा वाटतो. अजून वाटतो. आत्ता वाटला.”

तिला बोलता येत नव्हतं, कापूस काढून हातात घेतला. “अगं, तो वाचतो,” ती म्हणाली, जड जिभेने. “घरभर चिठ्ठ्या लावल्यात मी. कपाटावर कपाट, उशीवर उशी. महिनाभर घरी माझ्या स्वेटरवर ‘आई’ लिहिलेली चिठ्ठी लावून फिरतेय. पोस्टातसुद्धा विसरून तशीच बसले एकदा. म्हणून आई म्हणतो. मला बोलावतो की चिठ्ठी वाचतो, तेच कळत नाही मला.”

मी तिच्याकडे बघितलं. दवाखान्यात जायचं म्हणून तिने आज दुसराच कुडता घातला होता, फिका निळा, इस्त्रीचा. समोर काही नव्हतं. खांद्यावर काही नव्हतं. तिच्या ते लक्षातच आलेलं नव्हतं. ती बापूचे बूट शोधत होती.

मी गप्प बसले असते तर ती तशीच जिना उतरून गेली असती. तिला ते कधी कळलंही नसतं. आणि मी गप्प बसले होते, हे मला लिहायला हवं. बूट सापडेपर्यंत, एक घालून होईपर्यंत, मी भिंतीला टेकून गप्प उभी होते.

मग म्हटलं, “आज चिठ्ठी कुठे आहे?”

तिने हात छातीशी नेला. मग खांद्याला. मग पाठीमागे पोचेल तिथवर चाचपलं, जशी काही कुणी मागून लावली असेल. दुसरा बूट हातातच राहिला. ती हळूहळू तिथेच जमिनीवर बसली. अर्धं तोंड बधिर, त्यामुळे हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच ठरवता येईना. लाळ कुडत्यावर ओघळत होती.

“बापू,” ती म्हणाली, “कोण आहे मी?”

बापू तिच्या हातातल्या बुटाचा नंबर वाचत होता. “अकरा,” तो म्हणाला.

मी तिला पाणी आणून दिलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला, निम्मं सांडलं, तरी तीच परत म्हणाली, “पण म्हणाला ना तो? तू ऐकलंस ना?”

“ऐकलं,” मी म्हटलं. “स्वच्छ ऐकलं.”